घरच्या प्रिंटरवर सर्फबोर्डचं पूर्ण मापाचं टेम्पलेट

कॅलिफोर्निया, हवाई किंवा ऑस्ट्रेलियात हाताने सर्फबोर्ड घडवणाऱ्या जुन्या शेपरच्या शेडमध्ये एक गोष्ट हमखास दिसते. भिंतीवर खिळ्यांना टांगलेली हार्डबोर्डची लांबट टेम्पलेट, प्रत्येकाची एक कड सरळ आणि दुसरी वळणदार. प्रत्येक टेम्पलेट म्हणजे एका बोर्डाचा अर्धा आकार. सरळ कड फोमच्या मध्यरेषेवर ठेवायची, वळणदार कडेने पेन्सिल फिरवायची, टेम्पलेट उलटं करून दुसरी बाजू काढायची. दोन्ही बाजू एकाच कडेवरून आल्यामुळे बोर्ड आपोआप समान होतो. मोठ्या कारखान्यांत आता फोम कापायचं काम बरंचसं यंत्र करतं. घरी एखाद-दुसरा बोर्ड करणाऱ्याला मात्र आजही सुरुवात टेम्पलेटपासूनच करावी लागते.

आपल्याकडे गोव्यात अश्वे-मांद्रे, कर्नाटकात मुल्की, केरळात वर्कला, तमिळनाडूत कोवलम अशा किनाऱ्यांवर सर्फिंग रुळलं आहे. बोर्ड घडवणारे हात मात्र अजून मोजकेच आहेत. त्यामुळे शेजारच्या शेडमधून टेम्पलेट उसनं आणायची सोय नाही. ते स्वतःच काढायचं, छापायचं आणि कापायचं. त्यासाठी साधा ए४ प्रिंटर पुरतो.

जवळच्या शहरात इमारतींचे नकाशे छापणारं, रोलच्या प्लॉटरचं दुकान असेल तर तिथे एकाच लांब कागदावर छापून आणायला हरकत नाही. तेव्हासुद्धा मोजायची टेप घेऊन जा आणि पैसे देण्याआधी लांबी मोजा. आणि जो आकार हवा आहे तो बोर्डच समोर उपलब्ध असेल, तर प्रिंटरच्या नादी लागूच नका. ब्राउन पेपर पसरा, बोर्ड पालथा ठेवा, पेन्सिल उभी धरून कडेने फिरवा. पाऊण तासात काम होतं. खालचा सगळा खटाटोप आकार फाइलमध्ये आहे किंवा डोक्यात आहे, त्यांच्यासाठी.

उदाहरणाचा बोर्ड

मापं हवेत राहू नयेत म्हणून एक बोर्ड धरून चालू. ६ फूट ६ इंच लांब, २१ इंच रुंद, गोल नोज (पुढचं टोक) आणि गोल टेलचा (मागचं टोक), ज्याला सर्फर मंडळी ‘एग’ म्हणतात तसा. गोव्याच्या मऊ, कमी जोराच्या लाटांवर असा भरदार बोर्ड नवशिक्यालाही उचलून घेतो. नोजपासून १२ इंचांवर रुंदी सव्वासोळा इंच, टेलपासून १२ इंचांवर साडेपंधरा इंच. सर्फबोर्डची भाषा फूट-इंचांचीच आहे, पण छपाईचं काम मिलिमीटरमध्ये केलं की चुका कमी होतात. म्हणून लांबी १९८१ मिमी. अर्ध्या रुंद्या नोजकडे २०६, सगळ्यात रुंद जागी २६७ आणि टेलकडे १९७ मिमी. या चार आकड्यांची चिठ्ठी भिंतीला चिकटवून ठेवा. पुढे प्रत्येक टप्प्यावर ते लागणार आहेत.

फाइल तयार करणं

बोर्डकॅड हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर खास सर्फबोर्डांसाठीच आहे. त्यात आउटलाइन (बोर्डाची बाहेरची कड), रॉकर (नोज-टेलचा उंचावलेला बाक), छेद सगळं काढता येतं आणि छापताही येतं. पण फक्त आउटलाइन हवी असेल तर मला इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर सोयीचं वाटतं, कारण कागदावर काय उमटेल यावर पूर्ण ताबा राहतो.

इंकस्केपमध्ये एकक मिमी करा आणि पान १९८८ × २७३ मिमीचं ठेवा. खालच्या कडेपासून ३ मिमी वर एक सरळ रेषा काढा. ही बोर्डची मध्यरेषा. आता वळण. इथे बहुतेक जण दर दहा सेंटीमीटरला एक नोड (वळणाचा बिंदू) टाकतात आणि मग ते नोड ओढत बसतात. आकार मापात बसतो, पण कडेला लाटा येतात. नोड फक्त तीन ठेवा: टेलचं टोक, सगळ्यात रुंद जागा आणि नोजचं टोक. रुंद जागेच्या नोडचे दोन्ही दांडे (वळण ठरवणारे हँडल) मध्यरेषेला समांतर हवेत. मग फक्त दांड्यांची लांबी कमी-जास्त करत १२ इंचांच्या दोन्ही रुंद्या जुळवा. गोल टेलसाठी टोकाचा दांडा मध्यरेषेला काटकोनात ठेवा, म्हणजे उलट्या बाजूला जोडताना टोक निघणार नाही. रेषा ०.३ मिमी जाडीची पुरे.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. मध्यरेषेवर टेलपासून दर ५० मिमीला एक उभी, फिकट रेषा काढा आणि प्रत्येकीवर टेलपासूनचं अंतर लिहा: ५०, १००, १५०, थेट १९५० पर्यंत. जिथे १२ इंच येतात त्या दोन जागा आणि रुंद जागा ठळक करा. या अंतररेषा नसतील तर छापलेले कागद नुसते कागद राहतात. त्या असल्या की प्रत्येक कागद स्वतःची जागा स्वतः सांगतो. का, ते चिकटवताना कळेल.

पीडीएफ काढा, ॲडोबी रीडरमध्ये उघडा आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये पानाचं माप बघा. तिथे १९८८ × २७३ मिमी दिसलंच पाहिजे. दुसऱ्याकडून आलेल्या फाइलसाठी तर ही तपासणी फारच गरजेची. इंकस्केपच्या जुन्या आवृत्त्या एका इंचात ९० पिक्सेल धरत, ०.९२ पासून ९६ धरतात. जुनी फाइल नव्या हिशेबाने उघडली गेली तर सगळं सव्वासहा टक्क्यांनी आक्रसतं आणि ६ फूट ६ इंचांचा बोर्ड ६ फूट १ इंचावर येतो. स्क्रीनवर बघून हे कुणाच्याही लक्षात येत नाही, कारण आकार तोच दिसतो.

फोटोवरून आकार उचलायचा असेल तर फोटो लांबून, झूम करून आणि बोर्डाच्या बरोबर समोरून घेतलेला हवा. जवळून, खालच्या कोनातून काढलेल्या फोटोत नोज बारीक आणि टेल बोजड दिसते. तीच लबाडी मग टेम्पलेटमध्ये उतरते.

कागद उभे लावा

ए४ कागद २१० × २९७ मिमीचा. प्रिंटर कडेला थोडी जागा सोडतोच, म्हणून चारही बाजूंना १० मिमी वजा धरा. वापरायला उरले १९० × २७७. बोर्डची अर्धी रुंदी २६७ आहे. म्हणजे स्क्रीनवर बोर्ड आडवा असताना कागद उभे लावले, तर अर्धी रुंदी एकाच कागदात बसते. १० मिमीचा ओव्हरलॅप (शेजारच्या दोन्ही कागदांवर छापला जाणारा भाग) धरून ११ कागद लागतात. तेच कागद आडवे लावले तर दोन ओळी कराव्या लागतात, १६ कागद जातात आणि शिवाय बोर्डच्या लांबीभर एक आडवा सांधा तयार होतो. तो सांधा नेमका नको असतो. पाच कागद वाचतात हा त्यातला किरकोळ फायदा.

बोर्ड सुमारे पावणेबावीस इंचांपेक्षा रुंद असेल, लाँगबोर्ड बहुतेक असतातच, तर अर्धी रुंदी २७७ मध्ये मावत नाही. अशा वेळी मध्यरेषेकडची ५० मिमीची पट्टी छापूच नका. मध्यरेषेपासून ५० मिमीवर समांतर रेषा काढून तीच खालची कड माना, आणि हार्डबोर्डवर चिकटवताना तेवढं अंतर सोडून चिकटवा. वळण तर बाहेरच्या बाजूलाच असतं, आतला कागद कोराच असतो.

प्रिंटरची परीक्षा

प्रिंटर शंभर टक्के म्हणतो तेव्हा तो खरंच शंभर टक्के छापतोच असं नाही. एका पानावर कागदाच्या लांबीच्या दिशेने २५० मिमीची आणि रुंदीच्या दिशेने १८० मिमीची रेषा छापा आणि स्टीलच्या पट्टीने मोजा. शाळेची प्लास्टिकची फूटपट्टी नको, तिचं स्वतःचंच माप बेभरवशाचं असतं. दोन दिशा वेगळ्या मोजायचं कारण असं की एका दिशेने प्रिंटरचा रूळ कागद ओढतो आणि दुसऱ्या दिशेचं माप वेगळ्याच यंत्रणेवर ठरतं. एक बरोबर आणि दुसरी चुकीची, असं सहज होतं.

२५० ऐवजी २४९ भरले तर चूक ०.४ टक्के. आपल्या मांडणीत ही दिशा रुंदीची आहे, म्हणजे अर्ध्या रुंदीत एक मिमी आणि पूर्ण बोर्डात दोन मिमी. चालवून घेता येईल, पण दुरुस्ती सोपी आहे: इंकस्केपमध्ये चित्र आडवं आणि उभं वेगवेगळ्या टक्क्यांनी वाढवता येतं. लांबीच्या दिशेची छोटी चूक मात्र दुरुस्त केली नाही तरी बिघडत नाही. आपण कागद अशा रीतीने चिकटवणार आहोत की ती पुढे सरकतच नाही.

लेझर प्रिंटर कागद तापवतो, त्यातला दमटपणा उडतो आणि कागद किंचित आक्रसतो. नंतर हवेतली ओल शोषून तो पुन्हा पसरतो. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात हे जास्त जाणवतं, आणि कागद दोन्ही दिशांना सारखा पसरत नाही. कागदाच्या तंतूंच्या आडव्या दिशेने तो जास्त पसरतो. म्हणून सगळी पानं एकाच बैठकीत, एकाच रिमच्या कागदावर छापा, जिथे चिकटवायची त्या खोलीत रात्रभर सुटी पसरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मोजून चिकटवा. परीक्षेची रेषासुद्धा दुसऱ्या दिवशीच मोजा.

छपाई

संगणकावरूनच छापा. मोबाइलमधली छपाईची ॲप्स आणि ब्राउझर न विचारता माप बदलतात. ॲडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत एवढं बघा:

– ‘पोस्टर’ निवडा, टाइल स्केल १०० टक्के.
– ओव्हरलॅप १० मिमी, इंच मागितले तर ०.४.
– कट मार्क्स आणि लेबल्स दोन्ही चालू. लेबलमुळे प्रत्येक पानावर ओळ आणि स्तंभ छापला जातो.
– कागद ए४, उभा. अमेरिकेतून आलेल्या फाइलबरोबर अनेकदा लेटर मापाची सेटिंग येते. लेटर कागद ए४पेक्षा रुंद आणि आखूड असतो.
– प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ‘फिट टू पेज’ बंद, बॉर्डरलेस बंद. बॉर्डरलेसमध्ये कड भरण्यासाठी चित्र थोडं मोठं केलं जातं.

उजवीकडच्या झलकेत एका ओळीत ११ पानं दिसायला हवीत. तुमचा प्रिंटर कड जास्त सोडत असेल तर १२ होतील, हरकत नाही. दोन ओळी दिसल्या तर मात्र छापू नका. पानाची उंची कुठेतरी जास्त आहे किंवा कागद आडवा झाला आहे.

‘फिट टू पेज’ची भीती कशाला, असं वाटेल. समजा ३ टक्क्यांनी आकार लहान छापला गेला. ६ फूट ६ इंचांचा बोर्ड सुमारे सव्वादोन इंचांनी आखूड होतो आणि रुंदी २०⅜ इंचांवर येते. जाडी तीच ठेवली तरी क्षेत्रफळ सहा टक्क्यांनी घटतं. ४० लिटरचा बोर्ड साडेसदतीस लिटरवर आला की नवशिक्याला लाट पकडताना तो फरक पहिल्याच दिवशी हाताला कळतो.

पहिलं पान छापून थांबा. त्यावरच्या दोन अंतररेषांमधलं अंतर मोजा. ५० ते १५० बरोबर १०० मिमी भरले की बाकीची पानं सोडा.

कागद कागदाला जोडू नका

यूट्यूबवर बहुतेक जण अकरा पानं चिकटपट्टीने एकमेकांना जोडून एक लांब पट्टा करतात आणि मग तो पट्टा हार्डबोर्डवर चिकटवतात. माझ्या मते हा यातला सगळ्यात वाईट टप्पा आहे. प्रत्येक सांध्यात अर्धा मिमी सरकलं तर दहा सांध्यांत पाच मिमी. त्याहून वाईट म्हणजे एखादं पान किंचित वळलं तर. त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकात एक मिमीचा फरक पडला की तिथून एक मीटर पुढे मध्यरेषा जवळजवळ चार मिमी भरकटलेली असते. पट्टा केळ्यासारखा वाकतो आणि आपण तो सरळ समजून कापतो.

त्याऐवजी प्रत्येक पान स्वतंत्रपणे मोजायच्या टेपवरच्या मापाला जुळवायचं. पद्धत अशी.

प्लायवूडच्या दुकानातून ३ मिमीचा हार्डबोर्ड घ्या. शीट ८ × ४ फुटांची मिळते. लांबीच्या दिशेने एक फुटाच्या चार पट्ट्या दुकानातच कापून घ्या, म्हणजे नेताही येतात आणि पुढच्या तीन बोर्डांची सोय होते. चारपैकी दोन पट्ट्यांना शीटची कारखान्यातली मूळ कड असेल. त्यातली एक निवडा, कारण तीच आपली मध्यरेषा होणार आहे. कड खरंच सरळ आहे का ते बघायला तिच्यालगत दोरा ताणून धरा. कुठे फट दिसली तर तिथे रंध्याने सारखी करून घ्या.

या कडेवर टेप पसरा, एका टोकाला शून्य धरून चिकटपट्टीने घट्ट करा आणि दर ५० मिमीला अणकुचीदार पेन्सिलीने खूण करा. टेप मधे उचलू नका, सगळ्या खुणा एकाच मांडणीत. मग गुण्या लावून प्रत्येक खुणेवर आत २० सेंमीपर्यंत फिकट रेषा ओढा.

आता पानं. प्रत्येक पान मध्यरेषेवर स्टीलची पट्टी ठेवून पेपर कटरने कापा. नवीन पातं घ्या, जुन्या पात्याने कागद फाटत जातो. डावी-उजवीकडचा ओव्हरलॅप एकाच बाजूने कापा. आता पान हार्डबोर्डवर ठेवा. त्याची कापलेली कड हार्डबोर्डच्या कडेशी जुळली पाहिजे आणि त्यावरच्या अंतररेषा हार्डबोर्डवरच्या रेषांवर बसल्या पाहिजेत. प्रत्येक पानावर तीन-चार अंतररेषा असतात, त्यामुळे पान वळलं तर लगेच दिसतं. अकरा पानं आधी कोरडीच मांडून बघा. दोन पानांच्या मधे केसभर फट राहिली किंवा कागद किंचित एकावर एक आला तरी घाबरू नका. प्रिंटरची लांबीतली चूक त्या फटीत अडकून राहिली आहे, पुढे गेलेली नाही. आपल्याला तेच हवं होतं.

चिकटवायला फेविकॉल किंवा कुठलाही पांढरा पातळ डिंक नको. त्यातल्या पाण्याने कागद फुगतो, सुरकुततो आणि सगळी मोजणी वाया जाते. स्प्रेचा गोंद उत्तम, नसेल तर ग्लू स्टिक. गोंद हार्डबोर्डला लावा, कागदाला नाही. पान मधून टेकवा आणि कापडाने बाहेरच्या बाजूला पुसत न्या.

सगळी पानं बसली की भिंतीवरची चिठ्ठी बघा. टेलपासून ३०५ मिमीवर अर्धी रुंदी १९७ आहे का? रुंद जागी २६७? नोजच्या टोकापासून ३०५ मिमी मागे २०६? एक मिमीचा फरक सोडून द्या. तीन मिमी असेल तर एखादं पान चुकीच्या जागी आहे, उचला आणि पुन्हा लावा.

कापणं आणि वळण सारखं करणं

जिगसॉला बारीक दातांचं पातं लावा आणि रेषेच्या बाहेर दोन मिमी सोडून कापा. जिगसॉ नसेल तर ३ मिमी हार्डबोर्ड धारदार कटरने चार-पाच वेळा घोटूनही कापता येतो, वेळ लागतो इतकंच. हार्डबोर्डची धूळ बारीक असते, मास्क लावा.

इथपर्यंत कागदाचं ऐकायचं. आता त्याचं ऐकणं हळूहळू कमी करायचं. कागदावरची रेषा मापाला बरोबर असते, पण प्रत्येक सांध्यापाशी ती किंचित मोडलेली असते. तो मोड फोमवर आला की वर काचेचं कापड (फायबरग्लास) आणि रेझिन चढल्यावर चकाकत्या कडेवर तो उठून दिसतो. पाण्यात त्याने विशेष बिघडत नाही, पण डोळ्याला तो कायम खुपतो.

४५ सेंमीची प्लायची पट्टी घ्या आणि तिला ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. ती कडेच्या दिशेने, लांब आणि सलग फिरवायची. उंचवटा दिसला म्हणून तेवढ्याच जागी घासायला गेलात की तिथे खळगा होतो आणि शेजारी दोन नवे उंचवटे तयार होतात. पट्टी लांब असली की ती उंचवट्यावरून सरकते आणि फक्त तोच कापते. छोट्या लाकडी ठोकळ्याने हे जमत नाही.

कुठे काय उरलं आहे ते बघायची युक्ती: पूर्ण कड निळ्या खडूने रंगवा आणि पट्टी दोन-तीनदा हलकी फिरवा. खडू उडाला तो उंच भाग, राहिला तो खळगा. सुरुवातीला दर १८ सेंमीच्या आसपास, म्हणजे सांध्यांवर, खडूचे ठिपके उरलेले दिसतील. खडू सगळीकडून सारखा उडेपर्यंत चालू ठेवा.

मग टेम्पलेट उजेडाकडे धरा, नोजच्या टोकाला डोळा टेकवा आणि कडेवरून टेलकडे बघा. दोन मीटरचं वळण असं एका नजरेत दाबून पाहिलं की अर्ध्या मिमीचा उंचवटाही दिसतो. समोरून बघून तो कधीच दिसत नाही. डोळ्यांनी थकलात तर डोळे मिटून कड अंगठा आणि बोटाच्या चिमटीतून ओढा.

एखाद्या जागी वळण फारच मोडलं असेल तर वायरिंगच्या प्लास्टिक केसिंगचं झाकण, दीड मीटरचं, घ्या. दोन्ही बाजूंच्या चांगल्या भागावर ते बारीक खिळ्यांनी टेकवा आणि मधे आपलं आपण वळू द्या. त्याने धरलेली रेषा बहुतेक वेळा छापलेल्या रेषेपेक्षा चांगली असते. तिथे अर्धा-एक मिमी कागदाच्या आत किंवा बाहेर गेलं तर त्या झाकणाचं ऐका. १२ इंचांच्या दोन रुंद्या आणि मधली रुंदी मात्र हलू देऊ नका.

शेवटी कडेला वॉर्निशचा एक हात द्या. दमट हवेत हार्डबोर्डची उघडी कड फुगते.

रॉकर: थर्माकोलवाल्यांसाठी

कारखान्यातल्या पॉलियुरेथेन ब्लँकला (बोर्ड ज्यातून घडवतात तो फोमचा ठोकळा) नोज-टेलचा उंचावलेला बाक, म्हणजे रॉकर, साच्यातूनच मिळतो. त्यामुळे अमेरिकेतल्या शेपरला पिढ्यान्‌पिढ्या आउटलाइनचं टेम्पलेट पुरायचं. ५ डिसेंबर २००५ रोजी तिथली क्लार्क फोम ही ब्लँक बनवणारी सगळ्यात मोठी कंपनी अचानक बंद झाली आणि अनेकांना थर्माकोलकडे, म्हणजे ईपीएसकडे, वळावं लागलं. आपल्याकडे घरगुती बोर्डासाठी बहुतेकदा तोच मार्ग उरतो. थर्माकोलचा सरळ ठोकळा आणायचा, घनमीटरला २४ ते ३२ किलो घनतेचा बघून, आणि तापलेल्या तारेने बाक कापायचा. पॅकिंगचा हलका, दाणेदार थर्माकोल कामाचा नाही. आणि पुढे काच चढवताना फक्त एपॉक्सी वापरा, पॉलिएस्टर रेझिन थर्माकोल विरघळवतं.

तार ज्यावरून सरकते ते रॉकरचं टेम्पलेट. ते ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना लागतं. छपाईची पद्धत वरचीच, फक्त कागद आता आडवे लावायचे. नोजकडे १२५ मिमी उचल धरली तरी तळाचं वळण १९० मिमीच्या उंचीत बसतं आणि आठ पानांत काम होतं. डेकची, म्हणजे वरच्या बाजूची, रेषा वेगळी छापून तिचं दुसरं टेम्पलेट करा. चिकटवायला हार्डबोर्डऐवजी ६ मिमी एमडीएफ घ्या, कारण त्यावर तार टेकते. दोन एमडीएफ एकावर एक स्क्रूने घट्ट बांधा, वरच्यावर कागद चिकटवा, एकत्रच कापा आणि एकत्रच घासा. वेगवेगळी केलेली दोन टेम्पलेट कधीच अगदी सारखी होत नाहीत आणि मग बोर्डाला पीळ पडतो. कापायच्या आधी कडेवरचा कागद काढून टाका आणि तिला ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा, तार त्यावरून न अडखळता सरकते.

ब्लँकवर टेम्पलेट ठेवताना

सपाट टेम्पलेट बाक असलेल्या ब्लँकवर ठेवलं की ते त्या बाकाबरोबर वाकतं. वळणावरून मोजलेली लांबी सरळ लांबीपेक्षा जास्त असते. आपल्या बोर्डात नोजला १२५ आणि टेलला ६५ मिमी उचल धरली तर फरक दीड सेंमीच्या आसपास येतो. तुमच्या फाइलमधली लांबी कुठली आहे ते आधी बघा. बोर्डकॅडसारखी सॉफ्टवेअर वळणावरची लांबीही दाखवतात. सरळ लांबीवर काढलेलं टेम्पलेट तळावर वाकवून ठेवलं तर बोर्ड तेवढा आखूड होतो. ६ फूट ६ इंचाला हे फार मोठं नाही, पण मग १२ इंचांची माप-जागाही सरकते.

टेम्पलेटची रुंद जागा ब्लँकवरच्या रुंद जागेच्या खुणेवर आधी बसवा आणि मग दोन्ही टोकांकडे जा. टोकाकडून सुरुवात केली तर चूक उलट्या बाजूला दुप्पट होते. सरळ कड स्ट्रिंगरच्या, म्हणजे ब्लँकमध्ये मध्यरेषेवर बसवलेल्या लाकडी पट्टीच्या, मधोमध आली पाहिजे. स्ट्रिंगर नसेल तर ताणलेल्या दोऱ्याने मध्यरेषा काढून घ्या. टेम्पलेटवर दोन-तीन ठिकाणी वाळूच्या पुरचुंड्या ठेवा, मृदू पेन्सिलीने रेषा ओढा, टेम्पलेट उलटं करून दुसरी बाजू काढा. टोकाच्या शेवटच्या पाच सेंमीत दोन्ही रेषा जिथे भेटतात तिथे हातानेच गोलाई जुळवलेली बरी. हार्डबोर्ड तिथे इतका चिंचोळा असतो की तो डगमगतोच.

एका पानाची टेम्पलेट

आउटलाइन झाली की बाकीची एकेका ए४ वर भागतात. नोजपासून १२ इंच, मधोमध आणि टेलपासून १२ इंच अशा तीन ठिकाणचे अर्धे छेद कागदावर छापा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून आतली बाजू कापून टाका. रेल, म्हणजे बोर्डाची बाजूची कड, गोल करताना तो पुठ्ठा कडेला लावून बघायचा आणि उजेड दिसेल तिथे फोम अजून काढायचा.

फिनांचंही, म्हणजे बोर्डाच्या तळाला लागणाऱ्या परांचंही, तसंच. ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८० मध्ये पुढे आणलेल्या तीन फिनांच्या थ्रस्टर मांडणीत पुढच्या दोन फिन साधारण टेलपासून ११ इंचांवर आणि कडेपासून सव्वा इंच आत असतात, पुढची टोकं आतल्या बाजूला सुमारे पाव इंच वळलेली. मागची फिन टेलपासून तीन-साडेतीन इंचांवर. एका पानावर एका बाजूची फिन आणि मध्यरेषेपासूनचं अंतर छापा. दुसऱ्या बाजूसाठी तेच पान पालथं घाला, आरशातली प्रत वेगळी छापू नका.

प्रत्येक टेम्पलेटवर मार्करने लांबी, तिन्ही रुंद्या, लांबी सरळ की वळणावरची ते, आणि फाइलचं नाव लिहा. टेलच्या बाजूला सरळ कडेलगत एक भोक पाडून खिळ्याला उभं टांगा. आडवं टेकवून ठेवलेला हार्डबोर्ड एका पावसाळ्यात वाकतो, आणि मग सरळ कड सरळ राहत नाही.